ऑइल वेळेवर बदलूनही इंजिनाचं काम का निघतं? या चुका टाळा

कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात एका वळणावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. सरळ रस्त्यावर काहीच नाही. सर्व्हिसिंग होऊन जेमतेम साडेपाच हजार किलोमीटर झाले होते, काचेवरच्या स्टिकरप्रमाणे पुढची तारीख पाच महिने लांब होती. त्यामुळे वायरिंगचा दोष असेल असं धरून मी गाडी तशीच खाली नेली. चिपळूणला बॉनेट उघडून ऑइलची पातळी मोजायची पट्टी ओढली, तर ती कोरडी. साडेतीन लिटर ऑइल लागणाऱ्या इंजिनात दोन लिटरच्या वर ऑइल घालावं लागलं.

मागच्या सर्व्हिसिंगला चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या, नटाखाली जुनाच वायसर परत लावला होता. तिथून थेंब थेंब गळत होतं आणि ते सगळं इंजिनाखालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर पसरून उडून जात होतं, म्हणून पार्किंगच्या फरशीवर कधी डाग दिसला नाही. दोन महिन्यांनी इंजिन खालून ठोकायला लागलं आणि बेअरिंगं बदलावी लागली. ऑइल मी एकदाही उशिरा बदललं नव्हतं. तारीख पाळली की आपलं काम संपलं, हीच माझी चूक होती, आणि ओळखीतल्या बहुतेकांची तीच आहे.

पट्टी कधीच न ओढणं

काही कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये १,००० किलोमीटरला १ लिटरपर्यंत ऑइल जळणं चालण्यासारखं मानलं आहे. लहान पेट्रोल गाडीत एकूण ऑइल ३ ते साडेतीन लिटर असतं. सर्व्हिसिंगमधलं अंतर १०,००० किलोमीटर. म्हणजे कंपनी ज्याला बिघाड म्हणत नाही अशा इंजिनातही मध्ये कुणी पाहिलं नाही तर चेंबर कोरडा पडू शकतो. धडधाकट इंजिन इतकं ऑइल खात नाही, हे खरं. पण आपलं किती खातं हे मोजल्याशिवाय कळणार कसं?

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, वर गेलेलं ऑइल खाली उतरू द्या. पट्टी ओढून कापडाने पुसा, पूर्ण आत घालून पुन्हा ओढा आणि तेव्हाच वाचा. पहिल्यांदा ओढलेल्या पट्टीवर ऑइल वरपर्यंत माखलेलं असतं, ते खरं नव्हे. दोन खुणांच्या मध्ये किंवा वरच्या खुणेजवळ असेल तर ठीक. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण १ लिटरचा फरक असतो, त्यामुळे खालच्या खुणेवर असेल तरी डबा उपडा करू नका. पाव-पाव लिटर घाला आणि दर वेळी पाहा.

महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी न चुकता. दोन मिनिटांचं काम आहे.

लाल दिव्याला ‘ऑइल कमी’ची सूचना समजणं

कॅनच्या चित्राचा तो लाल दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलची पातळी नाही, दाब दाखवतो, आणि तोही दाब जवळजवळ संपल्यावर. ऑइल कमी असलं की वळणावर ते चेंबरच्या एका कडेला सरकतं, ऑइल पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. घाटात माझा दिवा वळणावरच लागत होता तो यासाठी. चालत्या गाडीत तो एकदा जरी चमकला तरी सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ’ हा विचार करू नका. पट्टीवर ऑइल पुरेसं असूनही दिवा जात नसेल तर गाडी टो करूनच न्या. पिवळ्या रंगाची ऑइलची सूचना काही गाड्यांत पातळीची असते. ती दिसली तर जवळ थांबून पट्टी पाहायची.

फक्त किलोमीटर मोजणं

पुण्यात हडपसरहून हिंजवडीला रोज गर्दीतून गाडीने जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. १०,००० किलोमीटर सरासरी ६० च्या वेगाने झाले तर इंजिन सुमारे १६७ तास चालतं. तेच १५ च्या सरासरीने गर्दीत झाले तर ६६७ तास. मीटरवरचा आकडा तोच, पण ऑइलने चौपट वेळ काम केलेलं असतं. म्हणून मालकाच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं. त्यात सतत थांबत-चालत जाणं, धूळ, घाट, ओझं ओढणं आणि अगदी छोटे प्रवास येतात, आणि अनेक गाड्यांसाठी त्यात अंतर निम्म्यावर आणलेलं असतं. आपल्या शहरांमधला रोजचा वापर हा बहुतांशी खडतर वापरच आहे. माझं मत स्पष्ट आहे: शहरात चालणाऱ्या गाडीचं ऑइल मी दहा हजारांपर्यंत नेत नाही.

उलट बाजूही आहे. गाडी वर्षभरात दोनच हजार किलोमीटर फिरली तरी ऑइल वर्षाने बदलायचंच. दूध आणायला, देवळात, परत घरी, अशा फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आत साठलेली वाफ आणि इंधनाचा अंश उडून जात नाही. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट, दह्यासारखा थर दिसतो तो बहुधा याचाच. अर्धा-पाऊण तास सलग चालवल्यावर तो जायला लागतो. पण पट्टीवरचं ऑइलही दुधाळ दिसत असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनात कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या पट्टीची, शंका घ्या आणि गाडी चालू करू नका. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीलाही हाच नियम: आधी ऑइल तपासायचं, चावी फिरवायची नाही.

रंग पाहून ठरवणं

डिझेल गाडीत नवं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवतं. म्हणजे ते आपलं काम करतंय. सीएनजीवर उलट होतं. जळणात काजळी फार कमी, म्हणून ऑइल महिनोन्महिने स्वच्छ दिसतं आणि मालक बदल पुढे ढकलतो. उष्णतेने ते आतून जुनं होतच असतं, नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका’

चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून हा सल्ला पटतो. पण डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं त्याचा आहे, आणि तापलेल्या इंजिनात ऑइल त्याच सुमारास असतं. बाहेर ३० असो वा ४५, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान आवाक्यात ठेवतात. आधीचा ५डब्ल्यू हा थंड इंजिन सुरू होताना ऑइल किती लवकर पळतं ते सांगतो. आजच्या इंजिनांतल्या बारीक वाटा पातळ ऑइलसाठी आखलेल्या आहेत. तिथे १५डब्ल्यू-४० टाकलं तर सकाळी सुरू करताना वरच्या भागात ऑइल उशिरा पोचतं. पुस्तिकेत एकाहून जास्त ग्रेड दिले असतील तर त्यांतलाच निवडा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांबाबत जास्तच जपा. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि त्याला कमी राखेचंच ऑइल लागतं. पुस्तिकेत एसीईए (ऑइलचं युरोपीय मानक) सी२ किंवा सी३ असं लिहिलं असेल तर डब्यावर नेमकं तेच शोधा. दुसरी गोष्ट, डीपीएफ स्वतःला साफ करताना जादा डिझेल वापरतो. शहरात ही साफसफाई अर्धवट राहिली की ते डिझेल चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय. लगेच बदला.

समोर उभं न राहणं

ऑइल बदलताना गॅरेजमध्ये शेजारी थांबा. फिल्टर नवा घेतलाच पाहिजे. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा बसवला तर ते दाबाने फुटून मिनिटांत ऑइल बाहेर येतं. नटाचा वायसर नवा हवा. नट जोर लावून आवळू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले की साधी गळतीही मोठं काम होते. डबा सीलबंद असताना पाहा, समोर उघडायला लावा, रिकामे डबे कापून टाका म्हणजे त्यांत बनावट ऑइल भरलं जाणार नाही. शेवटी इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, थांबा आणि पट्टी पुन्हा बघा. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेलं ऑइल क्रँक (इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा) घुसळते, त्याला फेस येतो, सीलमधून गळायला लागतं.

घरी बदलत असाल तर जळकं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. जुन्या डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे माल देणाऱ्या गॅरेजला द्या.

इंजिन ऑइल खातंय असं वाटलं तर

बदलल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, एकाच ठरलेल्या जागी पातळी पाहून वहीत मीटरच्या आकड्यासकट लिहा. मग दर हजार किलोमीटरला त्याच जागी, तशीच. उतार दिसला तर आधी गळती शोधा, खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून. गळती नसेल तर धुराकडे लक्ष द्या. सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एक झोत येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल’ असं कुणी म्हटलं तर त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साठलेला वायू बाहेर काढणारी छोटी झडप, तपासायला सांगा. तो अडकला तरी इंजिन ऑइल खातं, आणि बऱ्याच गाड्यांत तो इंजिन न खोलता बदलता येतो.