कोणता सेल जास्त टिकतो, हे घरी कसे तपासावे

सेलमध्ये वीज भरून ठेवलेली नसते. उपकरण सुरू केले की ती रासायनिक अभिक्रियेतून तयार होऊ लागते. १.५ व्होल्टच्या नेहमीच्या सेलमध्ये जस्त इलेक्ट्रॉन सोडते आणि ते उपकरणातून फिरून मँगनीज डायऑक्साइडपर्यंत पोहोचतात. झिंक-कार्बन आणि अल्कलाइन या दोन्ही प्रकारांत मूळ जोडी हीच असते. मात्र झिंक-कार्बनमध्ये जस्ताचा डबाच झिजत जातो, तर अल्कलाइनमध्ये जस्ताची पूड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात असते, आणि पुडीचे पृष्ठफळ मोठे असल्यामुळे तो सेल जास्त प्रवाह सहज देऊ शकतो.

त्यामुळे ‘सर्वांत टिकाऊ सेल कोणता’ या प्रश्नाचे उत्तर तो कशात घालणार, यावर ठरते. भिंतीवरच्या घड्याळाला अगदी थोडा प्रवाह लागतो. तिथे झिंक-कार्बनही दीर्घकाळ निभावून नेतो. मोटारीच्या खेळण्यात मात्र तोच सेल लवकर मान टाकतो.

तुलनेसाठी एकाच आकाराचे, नवे आणि वापराची मुदत शिल्लक असलेले सेल घ्यावेत. प्रत्येकाला १० ओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर (प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) जोडावा आणि तो जोडलेला असतानाच मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजणाऱ्या यंत्राने) दर अर्ध्या तासाने व्होल्टेज टिपावे. नुसत्या सेलचे व्होल्टेज मोजण्यात अर्थ नाही, कारण बराच वापरलेला सेलही काही जोडलेले नसताना १.३ व्होल्ट दाखवू शकतो. व्होल्टेज ०.९ वर आले की चाचणी थांबवावी. पुढचा हिशेब सोपा आहे: सरासरी व्होल्टेज १.२ आले, तर त्याला १० ओहमने भागून प्रवाह ०.१२ अँपिअर, म्हणजे १२० मिलिअँपिअर, आणि अशा स्थितीत सेल १५ तास चालला, तर त्याने १२० गुणिले १५, म्हणजे १८०० मिलिअँपिअर-तास दिले; हीच त्याची क्षमता.

चाचणी मध्येच थांबवायची असेल, तर सगळ्याच सेलना सारखी विश्रांती द्यावी. विशेषतः झिंक-कार्बन सेल विश्रांतीनंतर बराच सावरतो आणि तुलना बिघडते. सेल टेबलावर उभा टाकून तो किती उसळतो ते पाहण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते, पण तिच्यावर विसंबू नये. अल्कलाइन सेल साधारण निम्मा वापरला गेला, की पूर्ण उसळू लागतो; तो संपला आहे, असे त्यावरून ठरत नाही.

पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचे व्होल्टेज १.२ च्या आसपास बराच वेळ स्थिर राहते. त्याची चाचणी १ व्होल्टवरच थांबवावी, कारण त्याखाली नेल्यास तो खराब होऊ शकतो. एका चार्जवर तो अल्कलाइनपेक्षा कमी चालला, तरी शेकडो वेळा चार्ज होत असल्यामुळे रोजच्या जास्त वापरासाठी माझे मत त्यालाच आहे. जास्त प्रवाह ओढणाऱ्या उपकरणांत एका दमात सर्वाधिक चालणारा म्हणजे लिथियम-आयर्न डायसल्फाइडचा सेल. तो वजनाला हलका असतो आणि उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या थंडीतही काम देतो, पण एकदाच वापरता येतो आणि महागही असतो, म्हणून रिमोटसाठी तो घेण्याचे कारण नाही.

तपासलेले अर्धवट सेल नव्या सेलसोबत एकाच उपकरणात घालू नयेत. दुबळा सेल आधी संपतो, तरी इतर सेल त्यातून प्रवाह ढकलत राहतात, त्याचे व्होल्टेज उलटे होते, आत वायू तयार होतो आणि सेल गळून उपकरणाच्या पट्ट्या गंजतात.