दुसऱ्या धर्माचा, ओळख ना पाळख, तरी सणात त्याच्यासाठी काय करता येईल

सणासुदीत आपण आपल्या माणसांत इतके गुंतलेले असतो की त्या दिवशीही जो ड्युटीवर उभा आहे, पार्सल घेऊन जिना चढतोय, हॉस्पिटलात नाइट करतोय त्याचा स्वतःचा सण कधी असतो हे आपल्याला माहीतच नसतं. मनात खूप असतं पण ओळख नाही, धर्म वेगळा, त्यांना काय वाटेल, असं करत राहूनच जातं. ज्यांचं असं अडतंय त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आधी, नावावरून किंवा कपड्यांवरून अंदाज बांधू नका. ख्रिस्ती नाव ऐकलं की आपण लगेच ख्रिसमसच्या शुभेच्छा देऊन मोकळे होतो, पण यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक ख्रिसमस साजराच करत नाहीत, आणि रशिया किंवा सर्बियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा ख्रिसमस 7 जानेवारीला येतो, कारण त्यांचं चर्च जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळतं आणि ते सध्या 13 दिवस मागे आहे. त्यापेक्षा सरळ विचारा ना, "तुमच्या घरी मोठा सण कोणता, कधी असतो?" एवढं विचारलं तरी लोक खुलून बोलतात. आणि ऐकलेली तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, पुढच्या वर्षी त्या दिवशी तुम्ही आपणहून शुभेच्छा दिल्यात की बघा काय चेहरा होतो समोरच्याचा.

शुभेच्छा देण्याआधी तो दिवस आनंदाचा आहे का तेवढं बघून घ्या. मोहरमचा दहावा दिवस, आशुरा, म्हणजे 680 साली इराकमधल्या करबलामध्ये पैगंबरांचे नातू इमाम हुसेन मारले गेले तो दिवस, शिया पंथाचे मुसलमान त्या दिवशी शोक करतात, तिथे "हॅपी" काही नको. गुड फ्रायडे येशूच्या मरणाचा दिवस, शुभेच्छा रविवारी, ईस्टरला. कळत नसेल तर नुसतं "आज तुमचा महत्त्वाचा दिवस ना, घरी सगळे बरे आहेत ना?" म्हणा, ते कुठेही चालतं.

आता उपवास, इथे थोडं जास्त लिहिते कारण खरी मदत इथेच करता येते. रमजानचा रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, पाणीसुद्धा नाही. ज्यूंचा योम किप्पूर जवळपास 25 तासांचा, त्यातही पाणी नाही. पर्युषणात बरेच जैन फक्त उकळलेलं पाणी घेतात आणि तेही सूर्यास्ताच्या आत, म्हणजे रोजेदाराला ज्या वेळी काहीतरी द्यावं नेमकं त्याच वेळी यांना काहीही देऊ नये, वेळ अशी महत्त्वाची असते. समजा गेटवरचा वॉचमन रोजात आहे आणि सूर्य मावळायला आला, गाड्यांची रांग लागलीय, त्याला जागचं हलता येत नाहीये. अशा वेळी डबा नेऊन देण्यापेक्षा "काका, दहा मिनिटं मी थांबतो इथे, तुम्ही निवांत रोजा सोडून या" हे जास्त कामाचं आहे. दार वाजवणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला त्या वेळी ओटीपीसाठी ताटकळत ठेवू नका, कोड आधीच काढून ठेवा, जमल्यास पार्सल घ्यायला खाली जा. एवढंच, पण दिवसभर तहानलेल्या माणसाला ती पाच मिनिटं फार मोठी असतात.

आणि एक कळकळीची विनंती, "आज रोजा नाही का?" असं कुणालाही विचारू नका, बाईमाणसाला तर नाहीच. आजारी, प्रवासात असलेले, गरोदर बायका यांना सूट असते, पाळीत तर रोजा ठेवतच नाहीत, आणि चार लोकांत हा प्रश्न आला की तिने काय उत्तर द्यायचं सांगा.

नोकरी करणाऱ्यांनी शिफ्ट बदलून द्यावी, मला विचाराल तर याहून मोठी भेट नाही. आपल्या सणाला रजा हवी असते तशी त्यांनाही, पण मागायला संकोच वाटतो, म्हणून तुम्ही आपणहून म्हणा. रमजान ईदच्या बाबतीत मात्र दोन दिवस मोकळे ठेवा, कारण रमजानचा महिना 29 चा की 30 चा हे बऱ्याच ठिकाणी आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावरच ठरतं. शिवाय हिजरी, म्हणजे चंद्रावर चालणारं इस्लामी वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे दरवर्षी तारखा 10-11 दिवस अलीकडे सरकतात, 2030 मध्ये तर रमजान दोनदा सुरू होणार, जानेवारीत आणि परत डिसेंबरच्या शेवटी. म्हणून गेल्या वर्षीची तारीख धरून रजेचं प्लॅनिंग करू नका.

खायचं काही द्यायचं असेल तर सीलबंद आणि घटकांची यादी असलेलंच द्या, म्हणजे त्यांचं त्यांना वाचून ठरवता येतं. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, जेली आणि मार्शमेलोमध्ये बऱ्याचदा असतं, ते मुसलमान, ज्यू, जैन, शाकाहारी हिंदू अशा बऱ्याच जणांना चालत नाही. चामड्याच्या वस्तू आणि दारू नकोच. काही सुचत नसेल तर फळं द्या.

आपल्या घरी बोलावलंत तर आधीच सांगा की पूजा किंवा प्रार्थना अमुक वाजता आहे, तुम्ही त्याच्या आधी या नाहीतर नंतर या, आणि आत बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. हात जोडायचा, कपाळाला काही लावायचा आग्रह करू नका. कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला नाही तर छातीवर हात ठेवून हसा, झालं.

फोटो काढू नका. खरंच नको. मदत केली, डबा दिला आणि लगेच "बघा आमची एकता" म्हणून ग्रुपवर टाकलं की त्या माणसाला वाटतं आपला वापर झाला, आणि बरोबरच आहे त्याचं. तसंच देता देता राजकारणाचा विषय काढू नका, त्यांच्या धर्माबद्दल जे काही फॉरवर्ड आलेलं असेल त्याचा खुलासा त्यांना मागू नका, ते काय सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यायला उभे नाहीत तिथे.

आणि समोरून "नको" आलं तर एकदाच विचारून थांबा, चेहरा पाडू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं नावाने हाक मारून बोला, नाव माहीत नसेल तर ते आधी विचारून घ्या.