गाडीच्या स्टिरिओतली शिट्टी: आधी वाट शोधा, मग खर्च करा

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कुंईऽऽ’ असा आवाज चढत जातो आणि पाय काढला की उतरतो. वेगळा ॲम्प्लिफायर बसवून घेतलेल्यांची ही नेहमीची तक्रार, आणि त्यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘फिल्टर लावून टाका’. मी ऑटो वायरिंगचं काम करतो आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे: आवाज कोणत्या वाटेने आत येतोय हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्चू नका. ती वाट शोधायला मल्टीमीटर, १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर आणि सुट्टीची एक दुपार पुरते.

पहिली तपासणी कानांनी करा. गाडी उघड्यावर लावून इंजिन चालू ठेवा. इंजिनच्या वेगाबरोबर शिट्टी चढली-उतरली तर ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची. अल्टरनेटर एसी वीज तयार करतो, त्याचे डायोड तिची डीसी करतात, पण थोडी थरथर शिल्लक राहते. साध्या १२ पोलच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा ३६ लहरी येतात. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, तो मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२०० लहरी होतात. ही पट्टी आपल्या कानाला फार स्पष्ट ऐकू येते, म्हणून एवढासा आवाजही टोचतो. पेट्रोल गाडीत वेगाबरोबर ‘टकटक’ वाढत असेल तर इग्निशनकडे बघा. इंजिन बंद असताना नुसत्या चावीवरही घूं येत असेल तर अल्टरनेटरला विनाकारण दोष देऊ नका. पेट्रोल पंप, ब्लोअर किंवा चार्जर तपासा.

चार्जर तर आधीच काढून बघा. मोबाइल चार्जिंगला आणि त्याच मोबाइलमधून ऑक्सची वायर स्टिरिओला, अशी जोडणी असेल तर चार्जरचा आवाज थेट गाण्यात मिसळतो. चार्जर काढल्यावर शांतता झाली तर काम तिथेच संपलं. ब्लूटूथवर गाणी ऐका, किंवा ऑक्सच्या वायरमध्ये छोटा आयसोलेटर (गाणं पुढे जाऊ देणारा, पण दोन बाजूंचा थेट वीजजोड तोडणारा डबा) टाका.

आता आवाजाची पातळी शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या बटणानंतर कुठेतरी घुसतेय. नेमकी जागा काढायला जुन्या आरसीए वायरची (स्टिरिओतून ॲम्प्लिफायरला गाणं नेणारी वायर) पिन कापून घ्या आणि तिची मधली तार व बाहेरची जाळी एकत्र पिळा. ॲम्प्लिफायर बंद करून, खऱ्या आरसीए काढून त्यांच्या जागी अशा दोन पिना खोचा. परत चालू केल्यावर शिट्टी येतच असेल तर दुखणं ॲम्प्लिफायरच्या पॉवर किंवा अर्थमध्ये (गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वायर) आहे. शांत झाली तर ती मागून, म्हणजे हेड युनिट (डॅशबोर्डमधला स्टिरिओ) किंवा आरसीए वायरकडून येतेय. मग एक जादा आरसीए सीटवरून उघडीच टाकून हेड युनिटपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जोडा. तिने शांतता आली तर गालिच्याखालची वायर खराब आहे किंवा पॉवर केबलला चिकटून गेलीय. पॉवर केबल गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

पण सगळ्यात जास्त वेळ अर्थला द्या. ॲम्प्लिफायर २० अँपिअर ओढत असेल आणि अर्थच्या जोडात फक्त ०.०२ ओहम अडथळा असेल, तरी तिथे ०.४ व्होल्ट उभे राहतात. हेड युनिटचा सिग्नलच मुळी दोन ते चार व्होल्टचा! शिवाय नीट वाट न मिळालेला करंट आरसीएच्या जाळीतून हेड युनिटकडे परततो आणि ती थरथर सोबत घेऊन जातो.

इंजिन साधारण २००० आरपीएमवर ठेवून गाणं लावा. मीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक ॲम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ व्होल्टच्या आत दिसायला हवं. मग बॅटरीकडचं टोक हेड युनिटच्या पत्र्याला लावून बघा. चिपळूणच्या एका गाडीत मला इथे ०.४ दिसले होते. डिकीतला अर्थचा बोल्ट घट्ट होता, थिंबलही (वायरच्या टोकाची धातूची कडी) चकचकीत होतं. बोल्ट काढला तर थिंबलखाली पांढरा रंग जसाच्या तसा, आणि आट्यांमध्ये पावसाळ्यातला तांबूस गंज. अर्थ मिळत होता तो फक्त त्या गंजलेल्या आट्यांमधून.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. थिंबलपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने उघडा पत्रा चमकेपर्यंत घासा. थिंबल थेट पत्र्यावर, वर दातेरी वायसर, मग बोल्ट. आवळून झाल्यावर बाहेरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर कोकणात पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे पुन्हा गंज धरेल. अर्थची वायर पॉवर वायरइतकीच जाड आणि दीड-दोन फुटांच्या आत हवी. सीटबेल्ट किंवा सीटचा बोल्ट यासाठी वापरू नका. त्या चिपळूणच्या गाडीत एवढं केल्यावर मीटर ०.०३ वर आला आणि शिट्टी गेली.

हेड युनिटमागची काळी, म्हणजे अर्थची, वायर नुसती पिळून टेप मारलेली असेल तर सोल्डर करा. काही हेड युनिटांत आरसीएच्या जाळीला आतून बारीक फ्यूज असतो. चालू सिस्टिममध्ये आरसीए काढ-घाल केली की तो उडतो. आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून हेड युनिटच्या पत्र्याला तात्पुरती तार लावा. शिट्टी थांबली तर तोच उडालाय.

हे सगळं ठीक असेल तर बॅटरीवर मीटर एसी व्होल्टला लावा. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. ०.१ च्या आसपास किंवा कमी चालतं, ०.५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याचा संशय धरा. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर ‘चेक’ करणारे अजून भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

आयसोलेटर आणि फिल्टर याच्यानंतर. खराब अर्थवर फिल्टर लावणं म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवणं, आणि स्वस्त आयसोलेटर बास खातो तो वेगळाच. हेड युनिटमध्येच दोष निघाला आणि तो बदलणं शक्य नसेल, तर मात्र चांगल्या प्रतीचा आयसोलेटर खुशाल लावा.

डॅशबोर्डचे पॅनल बसवण्याआधी हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर असं सगळं एकदम लावून इंजिन २५०० पर्यंत न्या आणि गाणं थांबवून ऐका. तेवढ्या लोडवर शांत असेल तर क्लिपा दाबून टाका.