एका गोठ्यात दोन लाइनी असतील तर पावसाआधी त्यांचं अर्थिंग एकत्र जोडून घ्या

मे सरत आला की बियाणं, खतं आणि कुळवाच्या पाळ्या यांच्या धांदलीत गोठ्यातल्या वायरिंगकडे कुणाचं लक्ष जात नाही. ज्यांच्या गोठ्यात, शेडमध्ये किंवा पॅकहाउसमध्ये दोन वेगवेगळ्या लाइनी आल्या आहेत त्यांनी पहिल्या पावसाआधी एक दिवस या कामासाठी काढावाच.

अशा वस्त्या आता बऱ्याच आहेत. दिवे, फ्रीज आणि मिल्किंग मशीन घरच्या सिंगल फेजवर. कडबाकुट्टी आणि मोटर शेतीच्या थ्री फेजवर. छतावर सोलर, कोपऱ्यात जनरेटर. जी लाइन जेव्हा आली तेव्हा त्या वायरमनने आपापला अर्थिंगचा खड्डा घेतला. खड्डे चांगले असतील, पण एकमेकांना जोडलेले नसतात, आणि धोका नेमका तिथेच आहे.

हिशोब करून पाहा. कडबाकुट्टीच्या खड्ड्याचा रोध 10 ओहम आणि डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, न्यूट्रल अर्थिंगचा 5 ओहम धरा. कुट्टीच्या मोटरची फेज बॉडीला लागली तर 230 भागिले 15, म्हणजे साधारण 15 अँपिअर प्रवाह जमिनीतून वाहील. 32 अँपिअरचा फ्यूज त्याने उडणार नाही. कुट्टीच्या बॉडीवर मात्र दीडशे व्होल्ट उभे राहतील. शेजारी हाताच्या अंतरावर मिल्किंग मशीन आहे, तिचं अर्थिंग दुसऱ्या खड्ड्यात, म्हणून ती शून्यावर. एक हात कुट्टीवर आणि दुसरा मशीनवर पडला की ते दीडशे व्होल्ट माणसाच्या छातीतून जातात. दोन्हींना अर्थिंग असूनही हे घडतं.

दोन्ही अर्थिंग जाड वायरने जोडली की दोन्ही बॉडींवरचे व्होल्ट सारखे राहतात. पण एवढ्याने काम संपत नाही. दुसरा खड्डाही 10 ओहमचा असेल तर दोन्ही मिळून 5 होतील, प्रवाह 23 अँपिअरवर जाईल, आणि फ्यूज तरीही टिकून राहील. आता दोन्ही यंत्रांवर 115 व्होल्ट असतील आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला किंवा गाईला धक्का बसेलच. म्हणून जोडणीबरोबर दोन्ही लाइनींवर आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागताच लाइन तोडणारा स्विच, हवाच. गोठ्यातल्या सॉकेटांसाठी 30 मिलीअँपिअरचा घ्या. आरसीसीबी नसताना नुसती अर्थिंग जोडू नका. एका लाइनीतला बिघाड मग दुसऱ्या लाइनीच्या यंत्रांवरही येतो.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याला आधी दोन गोष्टी बघायला सांगा. पहिली, अर्थिंगवर पेटणारा बल्ब. शेतीच्या लाइनीला न्यूट्रल नसला की एक फेज आणि अर्थिंग घेऊन दिवा लावायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. त्या दिव्याचा प्रवाह सतत अर्थिंगमधून जातो. अर्थिंग जोडल्यावर तो घरापर्यंत येईल, म्हणून असा दिवा आधी काढा. दुसरी, मीटरच्या पेटीत कुणी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळले आहेत का. तसं असेल आणि खांबावर न्यूट्रल तुटला, तर घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर करंट येतो. हे महावितरणकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फक्त अर्थ जोडायचे, न्यूट्रल कधीही नाही. दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र केले की एकीचा प्रवाह दुसरीतून परत जायला लागतो, आरसीसीबी पडत राहतो, आणि एक मेन स्विच पाडला तरी त्या न्यूट्रलला करंट असू शकतो. बोर्डावर ठळक लिहून ठेवा : ‘येथे दोन लाइनी आहेत, दोन्ही बंद करा.’ जोडलेली अर्थ वायरही लाइन चालू असताना कुणी सोडू नये.

जोडणीसाठी 25 बाय 3 मिलिमीटरची जीआय पट्टी किंवा जाड तांब्याची वायर लागते. जमिनीत उघडी ॲल्युमिनियम वायर पुरू नका, ती लवकर खराब होते. लोखंडी दावण, पाण्याची टाकी, गव्हाणीचे पाइप हेही याच अर्थिंगला बांधा. नवा गोठा बांधत असाल तर कोबा टाकण्याआधी खाली वेल्डमेश अंथरून ती अर्थिंगला जोडा. एकदा कोबा झाला की ही सोय करता येत नाही. माणसाला जाणवतही नाही इतक्या कमी व्होल्टने गाय बिचकते. ती पाण्याला तोंड लावून मागे सरत असेल, दूध काढताना अस्वस्थ होत असेल, तर मीटर लावून टाकी आणि जमीन यांमधले व्होल्ट मोजा.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडते तेव्हा दोन खड्ड्यांमधला फरक हजारो व्होल्टचा होतो. सोलरच्या सांगाड्याचा खड्डा वेगळा आणि इन्व्हर्टरचा वेगळा असेल, तर तो फरक इन्व्हर्टरमधूनच उडी मारतो. सोलरवाल्याला सगळे खड्डे जमिनीखालून जोडायला सांगा. शेतातली लांबची विहीर, जिथे एकच लाइन आहे, तिला मात्र हे लागू नाही.

एक अपवाद लक्षात असू द्या. कुंपणाच्या झटका मशीनची अर्थिंग यात कधीही जोडू नका. तिचा खड्डा बाकीच्या अर्थिंगपासून किमान 10 मीटर दूर हवा, नाहीतर कुंपणाचा झटका गोठ्यातल्या दावणीत येईल. आणि कुंपणात थेट लाइन सोडणं हा गुन्हा आहे, त्याने माणसं मेली आहेत.

रोध मोजायचा तो आत्ताच, जमीन कोरडी असताना. जुलैत खड्डा ओला असतो आणि आकडा चांगला दिसतो. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडून पाइपाशी माती सुटलेली असते, तेव्हाचा आकडा खरा. तो तारखेसह बोर्डाच्या दारावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात ताडून पाहता येईल.