पिट्युटरीच्या दुर्बिणीतल्या ऑपरेशननंतर: डेस्मोप्रेसिन देण्याआधी सोडियम बघा

न्यूरोसर्जरीत किंवा ईएनटीत नुकतेच आलेले रेसिडेंट पहिल्यांदा विचारतात ते ड्रिल कधी हातात मिळेल. मिळेल. त्याआधी फ्लुइड चार्ट, म्हणजे अंगात गेलेल्या पाण्याचा आणि बाहेर पडलेल्या लघवीचा हिशोब, वाचायला शिका. पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोनची ग्रंथी; तिच्यातल्या हार्मोन तयार करणाऱ्या गाठींत नाकातून केलेलं ऑपरेशन सुरेख होऊनही रुग्ण वॉर्डात बिघडतो, आणि रात्री तिथे तुम्हीच असता.

ऑपरेशनाआधीचं थोडक्यात. प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट आल्याशिवाय केस यादीत घालू नका. प्रोलॅक्टिनोमाला, म्हणजे प्रोलॅक्टिन हार्मोन बनवणाऱ्या गाठीला, आधी कॅबरगोलिनच्या गोळ्या. गाठ मोठी आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं असेल तर नमुना १:१०० पातळ करून पुन्हा लावा, हुक इफेक्टमुळे, म्हणजे हार्मोन अतोनात असल्याने तपासणीच फसून, आकडा खोटा कमी येतो. सीटीत स्फिनॉइडचे, म्हणजे पिट्युटरीखालच्या हवेच्या पोकळीतले, हाडाचे पडदे कुठे टेकतात ते बघा. कॅरोटिडवर, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीवर, टेकलेला पडदा पिरगाळून काढायचा नाही, ड्रिलनेच झिजवायचा. व्हिडिओ पाहून हे हातात उतरत नाही. त्यासाठी कॅडेव्हरवर (मृतदेहावर) तास घालवावे लागतात, दुसरा रस्ता नाही.

आता खरा सापळा. ॲक्रोमेगालीचा, म्हणजे ग्रोथ हार्मोन जास्त बनवणाऱ्या गाठीचा, रुग्ण ऑपरेशननंतर पहिल्या रात्री तासाला ३०० मिली लघवी करतो. सिस्टरचा फोन येतो आणि हात डेस्मोप्रेसिनकडे, म्हणजे लघवी कमी करणाऱ्या औषधाकडे, जातो. थांबा. ग्रोथ हार्मोन उतरलं की अंगात साठलेलं मीठ-पाणी बाहेर पडतं. गाठ नीट निघाल्याचं ते लक्षण असू शकतं. ओटीत चढवलेलं सलाइनही कुठेतरी जाणारच. स्टेरॉइडमुळे साखर वाढली असेल तर तिच्यामुळेही लघवी वाढते, म्हणून ग्लुकोमीटर लावा. डायबेटिस इन्सिपिडस (पाणी धरून ठेवणारा हार्मोन, व्हॅसोप्रेसिन, कमी पडून होणारी अतोनात लघवी; साखरेशी संबंध नाही) म्हणायचं ते सलग दोन तास तासाला २५० ते ३०० मिलीच्या वर लघवी, लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (घट्टपणा) १.००५ च्या खाली, आणि रक्तातलं सोडियम १४५ mEq/L च्या वर चढलेलं असेल तर. तहान शाबूत असलेला जागा रुग्ण पाणी पिऊन सोडियम जागेवर ठेवतो; त्याला तहानेपुरतं पिऊ द्या आणि दर सहा तासांनी सोडियम करा. औषध लागलंच तर एक डोस द्या. पुढचा डोस लघवी पुन्हा वाढल्यावरच. चार्टवर ‘बीडी’ (दिवसातून दोनदा) लिहून झोपायला जाऊ नका.

कारण पुढे आहे. पिट्युटरीच्या देठाला इजा झाली असेल तर मरणाऱ्या पेशींतला साठलेला व्हॅसोप्रेसिन साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात अनिर्बंध सुटतो. त्यात तुमचं डेस्मोप्रेसिन मिसळलं की सोडियम कोसळतं. पहिले दिवस जास्त लघवी न होता गेलेल्या रुग्णातही सातव्या दिवसाच्या आसपास ते घसरू शकतं.

तोवर रुग्ण काणकोणला, सत्तरीत किंवा दोडामार्गला घरी पोचलेला असतो. मे महिन्याचा उकाडा, आणि घरची माणसं प्रेमाने पेज, शहाळं, सूप पाजत असतात. हे सगळं पाण्यातच मोजायचं; शहाळ्यात सोडियम फारसं नसतं. डायबेटिस इन्सिपिडस नसलेल्या रुग्णाला आठवडाभर दिवसाला एक ते दीड लिटर, त्याहून जास्त नाही, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत किंवा कोंकणीत लिहा आणि घरच्यांकडून म्हणून घ्या. सातव्या दिवशीचं सोडियम म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात केलं तरी चालेल, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत हेलपाटा नको. डोकेदुखी, उलटी, गुंगी यांतलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी कॅज्युअल्टी.

घाबरू नका, वेळेवर सापडलं तर हे सावरतं. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, आधी बघा. ते कमी असेल तर नुसतं पाणी रोखून भागत नाही, हायड्रोकॉर्टिसोन लागतं. झटके किंवा गुंगी असेल तर ३ टक्के सलाइनचा १०० ते १५० मिली बोलस. मात्र २४ तासांत सोडियम ८ mEq/L पेक्षा जास्तने वाढवू नका, मेंदूच्या पेशी ते सहन करत नाहीत.

कुशिंगमध्ये, म्हणजे गाठीमुळे कॉर्टिसॉल जास्त झालेल्या रुग्णात, ऑपरेशननंतर सकाळचं कॉर्टिसॉल २ µg/dL च्या खाली गेलं तर आनंदाची बातमी, पण त्याच रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांशिवाय घरी पाठवणं धोक्याचं.

आणि सीनियर निवडायचाच तर रात्रीच्या फोनवर लघवीच्या आधी सोडियम विचारणारा निवडा.