मोठ्या फायली साठवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी डिफॉल्ट चेकसम कसा निवडावा

ठाण्यातले लग्नाचे व्हिडिओ सांभाळणारे स्टुडिओ असोत की महापे-ऐरोलीतली ऑफिसं, शेकडो जीबीचा डेटा वर्षानुवर्षं जपणं सगळीकडे चालतं. त्यासाठी सॉफ्टवेअर लिहीत असाल, तर डिफॉल्ट चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला छोटा आकडा, ज्यावरून फाइल बदलली का ते कळतं) घाईत ठरवू नका. बहुतेक जण सेटिंग उघडतच नाहीत. तुम्ही ठरवाल तेच त्यांच्या फायलींना लागू होतं.

आधी काम ठरवा. डिस्क किंवा केबलमुळे बिघडलेले बिट पकडायचे एवढंच असेल, तर सीआरसी३२सी हा ३२ बिटांचा साधा चेकसम पुरतो. लिनक्सवरची बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम डिफॉल्ट म्हणून तोच वापरते. पण चेकसम जुळला की दुसरी प्रत काढून टाकणार असाल, तर तो अजिबात चालणार नाही. ३२ बिटांत साधारण ४२९ कोटी किमती मावतात. ऐकायला हे पुष्कळ वाटतं, पण जेमतेम ७७ हजार फायली जमल्या की त्यांतल्या कुठल्यातरी दोघींचा चेकसम जुळण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. आणि मग कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ कायमचा जातो. इथे क्रिप्टोग्राफिक हॅशच हवा, म्हणजे दोन वेगळ्या फायलींत मुद्दाम प्रयत्न करूनही जुळवता येऊ नये असा लांब चेकसम.

त्यातही एमडी५ आणि एसएचए-१ हे जुने हॅश बाद. एमडी५ची टक्कर, म्हणजे वेगळ्या डेटाचा एकच हॅश, २००४ साली दाखवली गेली. २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जाहीर केल्या.

आता वेग मोजा, आणि तो ग्राहकाकडच्या जुन्यात जुन्या मशीनवर. एसएचए-२५६ आणि एसएचए-५१२ मोजायला ओपनएसएसएल या मोफत साधनाची स्पीड कमांड पुरेशी आहे. प्रोसेसरमध्ये एसएचएची खास सोय असेल तर एसएचए-२५६ झपाट्यानं चालतो. नसेल तर ६४ बिटी मशीनवर एसएचए-५१२ सहसा त्याला मागे टाकतो. २०२० मध्ये आलेला ब्लेक३ काम अनेक कोअरमध्ये वाटतो, त्यामुळे खूप वेगवान. मात्र सेकंदाला १५० एमबी देणाऱ्या हार्ड डिस्कवरून ४ टीबी नुसते वाचायलाच सुमारे साडेसात तास लागतात. तिथे हॅश बदलून फारसं काही हाती लागत नाही. एनव्हीएमई या वेगवान एसएसडीवर फरक जाणवतो.

माझा कौल एसएचए-२५६ला. तुमचं सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर आधीपासून असलेल्या कमांडनं मालक आपली फाइल स्वतः तपासू शकतो. गिटमध्ये मोठ्या फायली ठेवण्यासाठीचं गिट एलएफएसही हाच वापरतं. शिवाय तो ६४ अक्षरांत लिहिता येतो. एसएचए-५१२ला १२८ लागतात, आणि फाइलच्या नावात तो घातला तर विंडोजची फोल्डरसकट पूर्ण पत्त्यासाठीची २६० अक्षरांची जुनी मर्यादा लवकर गाठली जाते. वेगवान डिस्कवाल्यांसाठी ब्लेक३चा पर्याय जरूर ठेवा.

प्रत्येक चेकसमसोबत अल्गोरिदमचं नावही साठवा, म्हणजे पुढे डिफॉल्ट बदलता येईल. बदलताना फाइल आधी जुन्या चेकसमशी ताडून पाहा, जुळली तरच नवा काढा. ही तपासणी गाळली तर मधल्या काळात खराब झालेल्या फाइललाही नवा चेकसम मिळतो आणि ती ठणठणीत म्हणून नोंदली जाते.