कमोडोर ६४ साठी गेमपॅड निवडताना

१९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या उजव्या अंगाला नऊ पिनांचे दोन पोर्ट आहेत. नऊ पिनांचा प्लग असलेले जुने गेमपॅड आजही मिळतात आणि बहुतेक सगळे या पोर्टात बसतात. पण बसला म्हणजे चालला असं नाही. पोर्टाच्या तारा थेट ६५२६ या चिपला जातात, कीबोर्डही तीच चिप वाचते आणि तिचं उत्पादन केव्हाच थांबलंय. त्यामुळे पॅड लावायच्या आधी त्याच्या आत काय आहे ते बघायचंच.

१. आत नुसती बटणं आहेत की चिप, ते ओळखा

कमोडोरला अटारी २६०० या जुन्या गेम कन्सोलची साधी जोडणी लागते: पिन १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ६ फायर आणि ८ ग्राउंड. बटण दाबलं की त्याची तार ग्राउंडला जोडली जाते, एवढंच. सेगा मास्टर सिस्टिम या गेम कन्सोलचा पॅड याच पद्धतीचा आहे, त्याचं १ नंबरचं बटण फायरचं काम करतं. निवड करायची तर मी डोळे झाकून तोच घेईन.

सेगा मेगा ड्राइव्हचा पॅड मात्र थेट लावू नका. तो बरेचदा चालतो, आणि धोका तिथेच आहे. त्याच्यातली चिप तारांवर स्वतःहून व्होल्टेज देते, आणि कीबोर्ड वाचताना ६५२६ त्याच तारा खाली ओढत असते. या ओढाताणीत ६५२६ जळू शकते. तो पॅड वापरायचाच असेल तर मध्ये अ‍ॅडॉप्टर हवा.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेल्या टीव्ही गेमचे पॅडही पुष्कळदा नऊ पिनांचेच असायचे. माळ्यावर एखादा सापडला तरी तो इथे उपयोगाचा नाही, त्याची जोडणी पूर्ण वेगळी असते. यूएसबी पॅडलाही अ‍ॅडॉप्टर लागतोच.

२. मल्टिमीटरने तपासा

प्लगची रुंद बाजू वर धरून भोकांकडे बघा. वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे १ ते ५, खालच्या ओळीत तसेच ६ ते ९. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक ८ मध्ये आणि दुसरं ६ मध्ये लावा. फायर दाबल्यावर स्पष्ट बीप आणि सोडल्यावर शांतता हवी. चारही दिशा अशाच बघा. बटण न दाबताच बीप आला, किंवा दाबूनही आला नाही, तर तो पॅड बाजूला ठेवा.

३. पोर्ट २ मध्ये लावून बघा

आधी मशीन बंद करा. पोर्टाच्या उघड्या पिनांना बोट लागू देऊ नका, अंगातल्या स्थिर विजेनेही चिप जाते. पॉवरचं बटण शेजारीच असल्याने हे सहज घडतं. बहुतेक गेम पोर्ट २ वापरतात. पोर्ट १ मध्ये फायर दाबलं तर स्क्रीनवर स्पेस उमटते.

मशीन चालू करून दोन ओळी इंग्रजीत टाइप करा आणि रन (RUN) द्या:

10 PRINT PEEK(56320)
20 GOTO 10

काही न दाबता १२७ दिसेल. वर १२६, खाली १२५, डावीकडे १२३, उजवीकडे ११९, फायर १११. आता वर आणि उजवीकडे एकदम दाबा, ११८ यायला हवं. कमोडोरच्या पुष्कळ गेममध्ये उडी ‘वर’ दाबूनच मारायची असते, म्हणून तिरकी दिशा नीट लागणं फार महत्त्वाचं. आकडा १२६ आणि ११९ मध्येच हेलकावत राहिला तर पॅड उघडून दिशेच्या बटणाखालचं रबर आणि पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही ११८ येत नसेल तर रबर बदला.